पुसेगावचे बेपत्ता वकील

हिंगोली जिल्ह्यात तालुके पाच आणि डिटेक्टिव्ह एक, ही गोष्ट इनायत मास्टर कुणी विचारल्याशिवाय सांगत. माप घेता घेता सांगत, म्हणजे गिऱ्हाइकाला हलता येत नसे. "माणसाची छाती किती इंच ते टेप सांगतो," टेप गुंडाळत ते म्हणत, "पण त्या छातीत काय दडवून ठेवलंय, ते फक्त मी सांगू शकतो. ही अल्लाची देन हाय. आता श्वास सोडा."

बाजारातल्या त्यांच्या दुकानावर पाटी होती: 'इनायत टेलर्स. सूट, सफारी, शेरवानी आणि सत्य. मापात बसवून मिळेल.' पाटीवर जागा उरली म्हणून खाली बारीक अक्षरात 'फॉल-पिकोसुद्धा' असं होतं, आणि खरं सांगायचं तर दुकान त्या ओळीवर चालत होतं.

ती ओळ सांभाळायची शिवकन्या. सात वर्षांपूर्वी ती इथं काम शिकायला आली. तपासात कशी ओढली गेली, हे तिलाही नीट सांगता येत नसे. एवढंच आठवत होतं की मास्टरांना गाडी चालवता येत नव्हती आणि तिच्याकडे स्कूटी होती. तेव्हापासून ती असिस्टंट. गुन्ह्याचे धागेदोरे मास्टर शोधत, आणि सुईत धागा ओवायची वेळ आली की तिला हाक मारत. आजवर सात प्रकरणं झाली होती. त्यातली सहा आपोआप सुटली. म्हणजे शेळी घरी आली, जावई बोलायला लागला, असं. सातवं मास्टरांनी जातीनं हातात घेतल्यामुळं अजून चालू होतं.

आठवं प्रकरण एका बुधवारी ब्लेझर घालून दुकानात आलं.

त्याचं नाव रणजीत साहेब. पुसेगावच्या बाहेर 'सुवर्णकंद ॲग्रो' नावाची हळदीची कंपनी आहे. हळद घ्यायची, शिजवायची, दळायची आणि जहाजानं परदेशात पाठवायची, असं तिथलं काम. माणसं नेमायचं खातं रणजीत साहेबांकडं.

"मास्टर, हा जरा सैल करा," ते म्हणाले. "टेन्शननं पोट सुटलंय."

"टेन्शननं पोट आत जातं," मास्टर म्हणाले. "बाहेर येतं ते पोटात गुपित असल तर. बोला, काय तकलीफ हाय?"

हा मास्टरांचा नेहमीचा अंधारातला बाण होता, पण या वेळी तो लागला. रणजीत साहेब स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आमच्याकडं येणारे वकील गायब होऊन राहिले."

शिवकन्यानं मशीन थांबवलं.

कंपनीला आपले पगारी वकील हवे होते. "कोर्टातला वकील भांडण झाल्यावर लागतो," साहेबांनी समजावून सांगितलं, "कंपनीतला वकील भांडण होऊच नये म्हणून." अशा चार वकिलांच्या चार खुर्च्या पुसेगावच्या ऑफिसात होत्या. एकजण न्यायाधीशाची परीक्षा पास होऊन गेला, एकाच्या बायकोची बदली नागपूरला झाली, एकाला पुण्याच्या कंपनीनं उचललं. उरल्या एकट्या अफशीन मॅडम. आठ महिने त्या चार माणसांचं काम करत होत्या. जाहिरात दिली, अर्ज आले, निवडून चार जणांना मुलाखतीला बोलावलं. चौघांनी 'येतो' म्हणून कळवलं. एकही आला नाही. पुढच्या महिन्यात दुसरे चार बोलावले. तेही आले नाहीत.

"मग गायब कुठं झाले?" शिवकन्या म्हणाली. "आलेच न्हाईत म्हणा."

"बेटी, घाई करू नको," मास्टर म्हणाले. "साहेब, नंतर फोन केला का त्यास्नी?"

"केला ना. कंपनीचं नाव काढलं की फोन कापतात. एकानं तर मलाच सायबर पोलिसांत द्यायची धमकी दिली."

मास्टरांनी डोळे मिटले. "बराबर. तो धमकी देत नव्हता. त्याच्या बाजूला कुणीतरी उभं होतं, आणि ते त्याच्याकडून वदवून घेत होतं."

परवा, शुक्रवारी, तिसऱ्या खेपेचे चार उमेदवार यायचे होते. हेही आले नाहीत तर सोमवारी पुण्याहून डायरेक्टरचा फोन येणार होता, आणि पुसेगावचं कायदा खातं बंद करून सगळं काम पुण्यातल्या एका वकिली फर्मकडं जाणार होतं.

"प्रकरण घेतलं," मास्टर म्हणाले आणि खडूनं ब्लेझरच्या पाठीवर तारीख टाकली.

गुरुवारी सकाळी दोघं स्कूटीवरून पुसेगावला गेले. कंपनीच्या फाटकातून आत गेलं की सगळंच पिवळं होतं. भिंती पिवळ्या, पत्रे पिवळे, वॉचमनच्या मिशा पिवळ्या, आणि वॉचमनचं कुत्रं तर नवरदेवासारखं. मास्टरांनी हे काहीच पाहिलं नाही, कारण ते खाली बघून पावलांचे ठसे मोजत होते.

रणजीत साहेबांनी आठ बेपत्ता वकिलांच्या फायली टेबलावर मांडल्या. मास्टरांनी आधी जाहिरातीचं कात्रण उचललं. त्यात लिहिलं होतं: करारमदाराचा दहा वर्षांचा अनुभव हवा, वय सत्तावीसच्या आत.

"म्हणजे सतराव्या वर्षी वकील झालेला माणूस," मास्टर हळूच शिवकन्याला म्हणाले. "असा माणूस आधीच गुन्हेगार असणार."

"ते पुण्याच्या ऑफिसचं टॅलेंट धोरण आहे," रणजीत साहेब ओशाळून म्हणाले. "आम्ही इथं ते मनावर घेत नाही. बोलावलं ते सगळे तरुणच आहेत."

मग त्यांनी मुलाखतीचं पत्र दाखवलं. शिवकन्यानं ते पूर्ण वाचलं, आणि हे काम तिच्याआधी कुणी केलं असेल का, अशी तिला शंका आली. पत्रात एकोणीस अटी होत्या. पहिली अशी की या पत्राचा अर्थ नोकरीचं वचन असा काढू नये. दुसरी अशी की नोकरी न देण्याचं वचन असाही काढू नये. पाचवीत 'उमेदवार' म्हणजे कोण याची व्याख्या होती आणि सहावीत 'येणे' म्हणजे काय याची: प्रत्यक्ष, सदेह आणि स्वखुशीने. चौदावीत मुलाखतीबाबत कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही असं बजावलं होतं. एकोणीस अटी संपल्यावर पानाच्या तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, वेळ आणि पत्ता उरला होता: शुक्रवार, सकाळी अकरा, सुवर्णकंद ॲग्रो, मु. पो. पुसेगाव, महाराष्ट्र.

तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. ती पुसेगावातच बसली होती.

इकडं मास्टर भिंग घेऊन फायलींवर वाकले होते. अचानक ते ताठ झाले. "साहेब, खात्यातल्या सगळ्यांना बोलवा. गुन्हेगार सापडला."

खात्यात एकच माणूस होतं, ते आलं. अफशीन मॅडम कळमनुरीच्या, वय चौतीस, डोळ्यांखाली काळं, हातात तीन करार आणि कानाला चौथ्यासाठी फोन. मुंबईतल्या बँकेची नोकरी सोडून त्या इकडं परत आल्या होत्या. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "बोला चाचा."

"या आठही फायलींवर एकाच रंगाचे बोटांचे ठसे हायेत," मास्टर म्हणाले. "पिवळे. ज्याची बोटं पिवळी, त्यानंच वकील पळवले."

रणजीत साहेबांनी आपले हात खिशात घातले.

"या कंपनीत एकशे बेचाळीस माणसं आहेत," अफशीन मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांची बोटं पिवळी आहेत. तुमची दाखवा."

मास्टरांनी बोटं पाहिली. तासाभरात तीही पिवळी झाली होती.

"म्हणजे आता संशयित एकशे त्रेचाळीस," मॅडम म्हणाल्या.

दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. पण मास्टरांचा स्वभाव असा की एक टाका उसवला की ते आख्खी बाही उसवत. त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, रागावू नका. पण खात्यात दुसरं कुणी न आल्यानं फायदा कुणाचा? एकट्या राहिल्या म्हणजे तुमीच राणी. वकिलांस्नी तुमीच फोन करून पळवून लावून राहिल्या."

शिवकन्याला जमीन फाटली तर बरं असं झालं. अफशीन मॅडम मात्र रागावल्या नाहीत. रागवायलाही जरा फुरसत लागते.

"चाचा, आठ महिने मी सुट्टी घेतली नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या भाचीचा अकीका, म्हणजे आमच्याकडचं बारसं, मी मोबाइलवर बघितला, तोही एका हातात करार धरून." त्यांनी टेबलावरचा एक कागद पुढं सरकवला. तो शेतकऱ्याशी करायचा हळदीचा करार होता. एका पानाचा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. भाव कसा ठरणार, माल परत कधी होणार, तक्रार कुणाकडं करायची, सगळं सरळ लिहिलेलं. "हे मी इथं येऊन केलं. आमच्या कळमनुरीच्या बाजारातला माणूसही वाचू शकतो. सोमवारी खातं बंद झालं तर पुण्याहून चाळीस पानं इंग्रजीत येतील, आणि माणसं एवढंच विचारतील की अंगठा कुठं करायचा. म्हणून मला वकील पाहिजेत. सापडले तर सांगा."

मास्टरांनी भिंग खिशात घातलं. निघताना मॅडमनी त्यांच्यापुढं गोपनीयतेचा कागद ठेवला. मास्टरांनी झोकात, न वाचता सही केली. शिवकन्यानं मात्र वाचला. त्यात लिहिलं होतं: 'मी यापुढे कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही निष्कर्ष काढणार नाही.'

परतीच्या वाटेवर मास्टर मागं बसले होते. स्कूटी हिंगोलीत शिरली तेव्हा मागून आवाज आला, "बाई खरी हाय. आपण तिला वकील आणून द्यायचा, बेटी."

"कुठून आणायचा?"

"स्टँडवरून. वकील एसटीतून उतरत असणार आणि दुसऱ्या कंपनीवाले त्यास्नी तिथंच उचलून नेत असणार. उद्या आपण आधी उचलायचा."

"हा निष्कर्ष हाय का?"

"हा अंदाज हाय. अंदाजाला परवानगी लागत न्हाई."

शुक्रवारी सकाळी आठपासून दोघं हिंगोलीच्या बसस्टँडवर उभे राहिले. मास्टरांचं म्हणणं असं की वकील लपून राहूच शकत नाही, कारण काळा कोट खांद्यात एक विशिष्ट झोल खातो. नऊ वाजता नांदेडची गाडी आली आणि तीतून काळ्या कोटातला एक माणूस उतरला. हातात लांबट पेटी. कोटाच्या बाह्यांवर सोनेरी पट्ट्या.

"पट्ट्या काहून?" शिवकन्या म्हणाली.

"सीनियर हाय," मास्टर म्हणाले आणि धावले.

त्या माणसाचं नाव मुबश्शीर होतं. मास्टरांनी त्याच्या दंडाला धरून कानात सांगितलं, की घाबरू नका, आमी तुमच्याच बाजूचे, तुमची वाट बघून राहिलेत, नाश्ता तयार हाय. मुबश्शीरला लग्नघरानं न्यायला माणूस पाठवतो असं सांगितलंच होतं. तो मुकाट स्कूटीवर बसला. तिघं त्या स्कूटीवरून पुसेगावपर्यंत कसे गेले, हे शिवकन्या नंतर कधी बोलली नाही.

अकराला पाच कमी असताना मास्टर मुलाखतीच्या खोलीचं दार ढकलून आत गेले. टेबलापलीकडं अफशीन मॅडम आणि रणजीत साहेब बसले होते. समोरच्या चारही खुर्च्या रिकाम्या होत्या. मास्टरांनी त्यातल्या एकीवर मुबश्शीरला बसवलं आणि बाजूला उभे राहिले. बैलपोळ्याला सजवलेल्या बैलाशेजारी धनी उभा राहतो, तसे.

मॅडमच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. "अनुभव किती आहे आपला?"

"बावीस वर्षं," मुबश्शीर म्हणाला.

रणजीत साहेबांनी पटकन लिहून घेतलं.

"कोणत्या प्रकारची कामं केलीत?"

"लग्नाची सगळी. मिरवणुकीची सगळी. उद्घाटनं, माणूस बघून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "त्या पेटीत काय आहे?"

मुबश्शीरनं पेटी उघडली आणि क्लॅरिनेट बाहेर काढली. ती बघून रणजीत साहेबांनी लिहिलेलं खोडलं. मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्या खांद्यावरून शिवकन्याला कळलं की आता ही बाई उठून राजीनामा लिहील. तिला वाटलं काहीतरी बोलावं, पण फॉल-पिकोवालीनं एवढ्या शिकलेल्या बाईला काय सांगायचं?

तेवढ्यात दारात मिराबाई आली. मिराबाई कंपनीचं कँटीन चालवायची. एका हातात झारा, दुसऱ्या हातात तेलाचा डाग पडलेला कागद.

"साहेब, चार प्लेटा पोहे करून ठेवलेत," ती म्हणाली. "खाणारे कुठं हायेत?"

"आले नाहीत, मिराबाई."

"हे तिसऱ्यांदा झालं. दोनदा मी पोहे फेकले. आता न्हाई फेकणार. लग्नातसुद्धा माणूस येणार नसल तर सांगून पाठवतो."

"काय करणार?"

"काय म्हणजे? इचारते की." तिनं झारा रणजीत साहेबांच्या फायलीवर ठेवला, आणि पोलक्यातून मोबाइल काढला. तिच्या हातातला कागद उमेदवारांची यादी होती. कुणाला पोहे आणि कुणाला उपमा हे कळावं म्हणून कंपनीनं तीच यादी कँटीनला दिली होती, आणि प्रत्येक नावापुढं फोन नंबर होता. तीन महिने ती शेगडीशेजारी खिळ्याला लटकत होती, दर वेळी नवी. मिराबाईनं पहिला नंबर लावला आणि हात तेलकट असल्यानं फोन कानाला न लावता स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"हॅलो," एका मुलीचा वैतागलेला आवाज आला.

"पुनम राठोड का गं बाई तू? पोहे, मिरची कमी?"

"हो. तुम्ही कोण?"

"मी मिराबाई, कंपनीच्या कँटीनातून. पुसेगावातून बोलून राहिले. पोहे गार होऊन राहिलेत, कुठवर आलीस?"

"मीपण पुसेगावातच आहे," मुलगी म्हणाली. "दोन तास झाले शोधतेय. इथं तुमची कंपनीच नाही. लोक म्हणतात कधी नव्हतीच. ही फसवणूक आहे हे कळलंय मला. मी आता पोलीस स्टेशनलाच चालले होते."

मास्टर शिवकन्याच्या कानाशी आले. "मुलीला कोंडून ठेवलंय. ठिकाण चुकीचं सांगायला लावून राहिलेत."

"स्टँडाजवळ आहेस का?" मिराबाईनं विचारलं. "पिठाच्या चक्कीजवळ?"

"चक्की नाही इथं. मोठं देऊळ आहे. केवढी दुकानं आहेत."

"आपल्या स्टँडाजवळ कुठलं आलं मोठं देऊळ," मिराबाई म्हणाली.

मग पलीकडं फोनची ओढाताण झाली आणि एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "बाई, मी पुनमचा बाप, धर्मसिंग. तुमी कोणत्या पुसेगावातून बोलून राहिल्या? सेनगाव तालुक्याच्या का?"

"मंग दुसरं कोणतं हाय?"

"दुसरं साताऱ्याला हाय," धर्मसिंग शांतपणे म्हणाला. "आमी तिथं येऊन बसलोय."

मुबश्शीरनं क्लॅरिनेट पेटीत ठेवली.

"आमचा तांडा कळमनुरीजवळ हाय," धर्मसिंग सांगत होता. "तुमचं पुसेगाव आमच्यापासून तासा-दीड तासावर. परवापासून पोरीला सांगून राहिलो, पुसेगाव आपल्याकडंच हाय, पुसेगाव आपल्याकडंच हाय. तर ही मोबाइलातला नकाशा दाखवायची. पाचशे किलोमीटर आलो आमी. इथला हॉटेलवाला म्हणतो, दर महिन्याला फायली घेऊन चार माणसं येतात, हळदीची कंपनी इचारतात, चहा पितात अन् रडकुंडीला येऊन परत जातात. त्याला वाटलं वकिलांचा काही नवस असल. आज बी तिघं बाकड्यावर बसलेत. अन् मागच्या महिन्यातल्या दोघांनी तर इथंच समोर ऑफिस टाकलंय. चांगलं चालून राहिलं म्हणे."

रणजीत साहेबांनी पत्र हातात घेतलं आणि चष्मा लावून तळाची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. "पुण्याचा नियम आहे, पत्र एका पानाच्या वर जाऊ द्यायचं नाही," ते पुटपुटले. "अटी वाढत गेल्या. कुठं तरी कापायला पाहिजे होतं. मी तालुका आणि जिल्हा कापला."

"अटी माझ्याच होत्या," अफशीन मॅडम म्हणाल्या. त्यांनी फोन जवळ ओढला. "पुनम, मी अफशीन. कायदा खात्याची प्रमुख. पत्र हातात आहे का तुमच्या?"

"आहे, मॅडम." आवाजातला वैताग गेला होता.

"काय चुकलंय त्यात?"

पुनमला विचार करावा लागला नाही. "एकोणीस अटी आहेत आणि जिल्हा नाही. आणि चौदावी अट. काही विचारायचं नाही असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून मी विचारलं नाही. नाहीतर घरून निघतानाच फोन केला असता."

"वडील सांगत होते ते का ऐकलं नाही?"

या वेळी मात्र पुनमला विचार करावा लागला. मागं एसटीचा हॉर्न वाजला. "मला वाटलं," पुनम म्हणाली, "आपल्याकडं कंपनीत वकील कोण ठेवेल? एवढं मोठं पत्र, एवढ्या अटी. म्हणजे साताऱ्याचंच असणार. आपलं पुसेगाव माझ्या मनातच आलं नाही, मॅडम."

अफशीन मॅडमनी मान खाली घातली. शिवकन्याला वाटलं त्या रडतायत, पण त्या हसत होत्या. आधी आवाज न करता, मग मोठ्यानं. कायदा खात्याच्या त्या खोलीत आठ महिन्यांत कुणी हसलं नव्हतं, त्यामुळं बाहेरून दोन हमाल काय झालं ते बघायला आले.

"निम्मी मुलाखत झाली," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "उरलेली समोर बसून घेते. येता येईल?"

फोन परत बापाकडं गेला होता. "उद्या दुपारपर्यंत येतो," धर्मसिंग म्हणाला. "या खेपेला रस्ता मी दाखवतो."

शनिवारी दुपारी बापलेक आले. पुनमचा ड्रेस प्रवासानं चुरगळला होता आणि धर्मसिंग मात्र ताजातवाना होता, कारण पाचशे किलोमीटर त्याचंच बरोबर ठरत आलं होतं. मॅडमनी शेतकऱ्यांचा तो एक पानी करार पुनमपुढं ठेवला आणि चूक शोधायला सांगितली. पुनमनं तो वाचून बापाला वाचायला दिला. धर्मसिंगनं बोट ठेवत ठेवत सगळा वाचला आणि म्हणाला, "माल ओला निघाला तर वजन कोण करणार, ते लिव्हलं न्हाई." मॅडमनी दोघांकडं बघितलं आणि एकीलाच नेमता येतं याची त्यांना जरा हळहळ वाटली.

सोमवारी डायरेक्टरचा फोन आला. उमेदवाराला अनुभव किती, असं त्यांनी विचारलं. "येऊन-जाऊन हजार किलोमीटर," मॅडम म्हणाल्या. बाकड्यावरच्या तिघांपैकी एकजण पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला होता, त्यानं या वेळी तालुका विचारून घेतला. पुण्यानं खातं बंद करायचा विषय दिवाळीपर्यंत पुढं ढकलला, आणि कंपनीत पुढं ढकललेला विषय म्हणजे मेलेलाच. अफशीन मॅडम चार दिवस सुट्टी घेऊन कळमनुरीला भाचीला बघायला गेल्या.

त्याच सोमवारी मास्टर आणि शिवकन्या सैल केलेला ब्लेझर द्यायला पुसेगावला गेले होते. मास्टरांनी रणजीत साहेबांना सांगितलं की वकील पुसेगावातच अडकलेत हे आपण पहिल्या दिवशीच ताडलं होतं, फक्त कोणतं पुसेगाव एवढाच बारीक तपशील राहिला होता. साहेबांनी ब्लेझर घातला. तो पाठीत सैल आणि पोटात होता तेवढाच घट्ट झाला होता.

शिवकन्या कँटीनमध्ये मिराबाईजवळ बसली. "मिराबाई, तुमाला सुचलं कसं?"

"काय सुचलं?"

"हेच. एवढे शिकलेले तीन महिने डोकं धरून बसले. तुमी एका मिनटात सोडवलं."

मिराबाईनं कढईतून मान वर केली. हिला काय म्हणायचंय तेच तिला कळेना. "माणूस न्हाई आला तर कुठं हायेस म्हणून इचारायचं. त्यात काय सुचायचंय?"

मास्टर दारात उभे राहून हे ऐकत होते. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, तपासाची वही उघडली आणि नव्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'विचारणे.' त्याखाली दोनदा रेघ ओढली. बराच वेळ ते त्या शब्दाकडं बघत राहिले, आणि मग त्यांनी वही मिटून शिवकन्याला बाजूला घेतलं.

"बेटी, ही पद्धत लई धोक्याची हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "बाजारात कुणाला सांगू नको. सगळे इचारायला लागले तर आपला धंदा बसल."